२०१४ ची मोहीम २०२४ च्या नियमांवर: राजारामपुरीतल्या टेबलाच्या नोंदी

आमची डंजन्स अँड ड्रॅगन्सची, म्हणजे फासे टाकून पात्रं वठवायच्या खेळाची, मोहीम (एकच सलग गोष्ट) चार वर्षं चाललीय. रविवारी संध्याकाळी सहा ते दहा, कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या घराच्या माडीवर. डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, मी; खेळणारे पाच, प्रत्येकाचा क्लास (पात्राचा पेशा) वेगळा: फायटर (लढवय्या), क्लेरिक (बरं करणारा पुजारी), पॅलाडिन (धर्मयोद्धा), रेंजर (रानातला तिरंदाज) आणि विझार्ड (मांत्रिक). सगळे पाचव्या लेव्हलवर (पात्राच्या पायरीवर) आहेत. खेळ पहिल्यापासून मराठीतच चालतो आणि नियमांची छोटी मराठी पुस्तिकाही आम्ही घरीच केली होती. मोहीम मध्यावर असताना २०१४ च्या नियमांवरून २०२४ च्या सुधारित नियमांवर यायचं ठरवलं, तेव्हा लिहून ठेवलेल्या या नोंदी. दुसरं कुणी हेच करणार असेल तर आमचे वाया गेलेले तास त्यांचे तरी वाचावेत.

१ जून २०२५, रविवार

कारण साधं आहे. विझार्ड खेळणाऱ्या पोराने नवं पुस्तक घेतलं, बाकीचे जुन्यावर. गेल्या महिन्यात एकाच स्पेलचे (मंत्राचे) दोन अर्थ निघून तीनदा खेळ थांबला. एका टेबलावर दोन पुस्तकं नकोत, असं सगळ्यांचं मत पडलं.

हाताशी काय आहे ते मांडून बघितलं. २०१४ चं प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक), पाठीमागची शिवण सुटलेलं. २०२४ चं एक, सगळ्यांच्या वर्गणीतून ४,२०० रुपयांना घेतलेलं. राक्षसांचं पुस्तक घेतलं नाही, कारण एप्रिलमध्ये एसआरडी ५.२ (नव्या नियमांचा खुला गाभा) फुकट मिळायला लागलं आणि आमच्या मोहिमेला लागणारे बहुतेक प्राणी त्यात आहेत. ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय ४.० परवान्याखाली आहे, म्हणजे मूळ श्रेयाची ओळ छापली की भाषांतर करून वाटता येतं. जुन्या नियमांचं एसआरडी ५.१ ही याच परवान्याखाली जानेवारी २०२३ पासून आहे. आमची पुस्तिका घरातल्या घरात फिरणार असली, तरी श्रेयाची ओळ पहिल्या पानावर घालायचीच.

अंदाज: दोन रविवार. दोन्ही पुस्तकं पाचवीच आवृत्ती म्हणवतात, तेव्हा जे नवीन आहे तेवढंच वाचलं की झालं, असं मी धरलं. शस्त्रांची मास्टरी (प्रत्येक शस्त्राची खास करामत) वाचली, बॅकग्राउंडचा (पात्राच्या पूर्वायुष्याचा) भाग वाचला आणि थांबलो. पुढची सगळी चूक इथून सुरू झाली.

८ जून, रविवार

आज खेळ नाही, फक्त कॅरेक्टर शीट (पात्राचा आकड्यांचा कागद). पहिलं शीट फायटरचं, दोन तास वीस मिनिटं लागली. शेवटचं पन्नास मिनिटांत झालं. मधे जे शिकलो ते असं: जुन्या शीटवर खाडाखोड करू नका, कोरा कागद घ्या. आधी सहाही गुण (स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे दमखम, कॅरिस्मा म्हणजे छाप वगैरे) मूळ आकड्यांवर आणा, जात-वंशाची जुनी वाढ काढून टाका. मग बॅकग्राउंडची वाढ, मग त्याच्यासोबत येणारं ओरिजिन फीट (जादा कसब), मग क्लासचा तक्ता पहिल्या लेव्हलपासून एकेक ओळ. हिट पॉइंट (जीव किती आहे तो आकडा) सगळ्यात शेवटी. मी ते आधी काढले आणि कॉन्स्टिट्यूशन बदलल्यावर तीन शीटांवर पुन्हा काढावे लागले.

सबक्लास (क्लासमधली खास शाखा) आता सगळ्यांनाच तिसऱ्या लेव्हलला मिळतो. आमचे सगळे पाचव्यावर, म्हणून त्याचा त्रास झाला नाही.

रेंजरपाशी अडलो. त्याचं पात्र हाफ-एल्फ (अर्धा माणूस, अर्धा एल्फ), आणि नव्या हँडबुकात हाफ-एल्फ नाही. खेळणारा आमचा मित्र उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतो. दिवसभर मिलिमीटरशी गाठ, त्यामुळे शीटवरचा एकही आकडा तो सहज सोडत नाही. पात्र बदलायला त्याने साफ नकार दिला आणि मलाही ते योग्य वाटलं. चार वर्षं एक माणूस एका नावाने वावरलाय, छापील यादीत नाही म्हणून त्याचा बाप बदलायचा का? जुनं पात्र तसंच ठेवता येतं, ठेवलं.

१५ जून, रविवार

नव्या नियमांवर पहिला खेळ. दोन गोष्टी फसल्या.

पहिली रेंजरच्या धनुष्याची. बाण मारताना वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा बघून तो म्हणाला, "दादा, अधिक दहा येतंय. नऊ यायला पाहिजे." त्याचंच बरोबर होतं. जुन्या वंशातले गुण वाढवणारे आकडे नव्या नियमांत सोडून द्यायचे असतात, वाढ फक्त बॅकग्राउंडमधून. मी हाफ-एल्फची जुनी वाढही ठेवली आणि गाईड (वाटाड्या) या बॅकग्राउंडची नवीही दिली. त्याची डेक्स्टेरिटी १९ च्या जागी २० झाली होती, कॅरिस्मा तर फुकटच दोनने वाढला होता. मूळ आकड्यांवर आणायचं हे मी गेल्या रविवारी स्वतःच लिहून ठेवलंय, पण रेंजरचं शीट त्याआधी झालं होतं आणि मी ते पुन्हा तपासलं नाही.

दुसरी चूक मोठी. घाटात दरोडेखोर येणार हे कळल्यावर मंडळींनी करवंदीच्या जाळीत दबा धरला. सगळं नीट ठरवलं: कोण कुठं, पहिला बाण कुणाचा. दबा साधला तर पहिल्या फेरीत समोरच्याला हलता येत नाही, काही करता येत नाही, हे आमच्याकडे चार वर्षांत पाठ झालेलं. मीही न बघता तसंच चालवलं. दरोडेखोर पहिली फेरी नुसते उभे राहिले आणि निम्मे मेले.

दोन तासांनी लांडग्यांनी यांना गाठलं. तेव्हा विझार्डने पुस्तक उघडून नवा नियम वाचून दाखवला: बेसावध असलेल्याला इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा), एवढंच. त्याची पाळी बुडत नाही. म्हणजे आमच्या लोकांना नव्या नियमाचा फायदा, दरोडेखोरांना जुन्याचा फटका. पॅलाडिन खेळणाऱ्या ताई म्हणाल्या, "मग मघाची लढाई खरी धरायची की नाही?" मला उत्तर देता आलं नाही. शेवटी झालं ते झालं म्हणून पुढे गेलो, पण बसलेल्या एकालाही ते पटलं नव्हतं.

रात्री दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसलो. नवीन नावाचे नियम त्रास देत नाहीत, कारण ते नवीन आहेत हे दिसतं आणि माणूस वाचतो. नाव तेच राहिलं आणि आतला नियम बदलला, तिथे माणूस वाचतच नाही. वहीत वेगळं पान केलं: "नाव तेच, नियम वेगळा". पहाटे दोनपर्यंत अठरा ओळी झाल्या.

२२ जून, रविवार

खेळाआधी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. अर्धा तास धरला होता, दीड तास गेला. त्यातला एक तास एकट्या ग्रॅपलवर, म्हणजे समोरच्याला धरून ठेवण्याच्या नियमावर.

आमचा फायटर खेळणारा गडी शिवाजी पेठेतला, सोळाव्या वर्षापर्यंत तालमीत होता. ग्रॅपल त्याचा हक्काचा. जुन्या नियमात दोघंही फासा टाकायचे: धरणारा ॲथलेटिक्सवर (ताकदीचं कसब), सुटणारा ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्सवर (चपळाईचं कसब). आता तो निःशस्त्र हल्ल्याचा एक प्रकार झालाय. धरणारा फासा टाकत नाही. समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटीचा सेव्ह (बचावाचा फासा) टाकतो, तोही ८ अधिक धरणाऱ्याची स्ट्रेंग्थ अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा सरावाचा आकडा) या आकड्यासमोर. आमच्या फायटरचा आकडा १५.

तो उठून उभाच राहिला. "मी पट काढायला गेलो तर समोरचा पाय मागं घेतोय. तितं त्येचं बी बळ लागतंय आन् माझं बी. ह्यात माझा फासा कुठाय?"

त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी ओगरवर (एका धिप्पाड राक्षसावर) हिशोब केला. ओगरची स्ट्रेंग्थ १९, म्हणजे अधिक ४. जुन्या नियमात आमच्या फायटरचा अधिक ७ त्याच्या अधिक ४ समोर, बरोबरी झाली तर पकड बसत नाही. फाशांच्या चारशे जोड्यांपैकी २४७ त्याच्या बाजूने, जवळपास ६२ टक्के. नव्या नियमात ओगरला १५ गाठायला फाशावर ११ लागतात, म्हणजे बरोबर निम्मी संधी. त्याची पकड खरंच कमजोर झालीय, आणि हे त्याला मी कागदावर दाखवलं. लपवून काय उपयोग?

पण त्याच पानावर पुढे वाचलं तर पकडलेल्याची अवस्था बदललेली. जुन्यात पकडलेला फक्त जागचा हलायचा नाही. नव्यात, ज्याने धरलंय त्याला सोडून दुसऱ्या कुणावर हल्ला केला तर त्याला डिसॲडव्हांटेज. शिवाय कुणी जवळून पळायला लागला तर संधीच्या हल्ल्यातही ग्रॅपल करता येतो. हे वाचल्यावर तो खाली बसला. "हां, हे खरं हाय. धरलेला गडी दुसरीकडं बघू शकत न्हाई." तिसऱ्या फेरीत त्याने ओगरला धरला आणि मागे उभ्या असलेल्या विझार्डवरचे दोन घाव चुकले.

प्रत्येकाचं काय कमी झालं ते आधी सांगायचं आणि बदल्यात काय मिळालं ते लगेच त्याच पानावर दाखवायचं, अशी पद्धत आजपासून.

शस्त्रांच्या मास्टरीबद्दल थोडं. फायटरच्या हातात लाठी, म्हणजे क्वार्टरस्टाफ. तिची मास्टरी टॉपल: घाव बसला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकायचा, चुकला तर खाली पडला. पाळीला दोन घाव, प्रत्येकाला सेव्ह, त्यामुळे खेळ रेंगाळला. उपाय: तो हल्ल्याचा फासा टाकतो तेव्हाच मी सेव्हचा टाकून ठेवतो. घाव लागला नाही तर माझा फासा बाद.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. दोघं नंदवाळच्या दिंडीला गेले, खेळ नाही. दिवसभर पुस्तिकेवर बसलो.

मागचे तीन आठवडे चुका कुठून आल्या ते आज उमगलं. आमचे मराठी शब्दच जुना नियम धरून बसलेत. "दबा" म्हटलं की टेबलावरच्या प्रत्येकाला एक फुकट फेरी आठवते. तोच शब्द ठेवून खाली नवा नियम छापला तर डोळा खाली जाणारच नाही. म्हणून ठरवलं, जिथे नियम बदलला तिथे मराठी शब्दही बदलायचा. नियम तोच असेल तर शब्दाला हात लावायचा नाही.

"दबा" गेला, "बेसावध" आला. "प्रहार" गेला, "प्रहार-मंत्र" आला, कारण पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट (घावाला जोडलेला दैवी जादा मार) आता स्पेल आहे. "प्रेरणा" चं "वीरप्रेरणा" केलं. पूर्वी तिने ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळायचा, आता टाकलेला फासा पुन्हा टाकता येतो.

प्रोन (जमिनीवर आडवा झालेला) या शब्दाला मी "चीत" लिहिलं होतं. संध्याकाळी फायटरला फोनवर वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "भावा, चीत म्हंजे पाठ लागली, कुस्ती संपली. ह्यो तर उठून परत लढतोय." खरंय. "पडलेला" केलं.

अकरा शब्द बदलले. वेळ साडेसात तास, आणि या कामातले सगळ्यात कारणी लागलेले तास हेच.

१३ जुलै, रविवार

पॅलाडिनचा दिवस, आणि माझ्या हातून अन्याय झाला.

ताई शाळेत शिकवतात. आठवड्यातले हे चारच तास त्यांचे स्वतःचे. किल्ल्याच्या तळघरातल्या सरदारासाठी त्यांनी तीन तास एकही स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी शिल्लक) वापरला नव्हता. जुन्या नियमात पाळीला दोन घाव, दोन्हींवर स्माइट, दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट जाळले की सहा डी ८ (आठ बाजूंचे फासे) जादा. दोन्ही घाव लागले. दुसऱ्यावर फासे उचलले आणि मला थांबवावं लागलं: स्माइटला आता बोनस ॲक्शन (पाळीतली एकच जादा छोटी कृती) लागते, म्हणून पाळीला एकदाच. सहाच्या जागी तीन डी ८.

हे माझ्या पानावर होतं. मराठी शब्दसुद्धा बदलला होता. पण पुस्तिका छापलेली नव्हती आणि लढाईआधी मी तोंडाने सांगितलं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर मी स्लॉट असे साठवले नसते." त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

लढाई तिथेच थांबवली. ती पाळी जुन्या नियमाने पूर्ण करू दिली, सहाही डी ८ टाकले, सरदार पडला. माझ्या मते हेच बरोबर. ज्याने जुन्या नियमावर विसंबून बेत केला त्याचा बेत पुरा होऊ द्यावा, नवा नियम पुढच्या लढाईपासून.

मग नवं शीट घेऊन त्यांच्यासोबत बसलो. दीर्घ विश्रांतीमागे एक स्माइट स्लॉटशिवाय मिळतो. हात ठेवून बरं करणं आता बोनस ॲक्शनमध्ये होतं, तेव्हा घाव घालूनही जखमी माणसाला उठवता येतं. आणि पाचव्या लेव्हलला फाइंड स्टीड हा स्पेल आपोआप, म्हणजे घोडी. ती पांढरी असेल, हे त्यांनी लगेच ठरवलं.

क्लेरिक माझी आतेबहीण. तिचं उलट झालं. जखमा भरणारे स्पेल वाढले: क्युअर वुंड्स एक डी ८ चा दोन डी ८, हीलिंग वर्ड एक डी ४ चा दोन डी ४. आधी माणूस शून्यावर गेल्यावर त्याला जेमतेम उठवायचं एवढंच तिचं काम असायचं, आता पडायच्या आधी सावरता येतं. पण स्पिरिच्युअल वेपन या स्पेलला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर धरता येणारं लक्ष) लागायला लागल्याने ते स्पिरिट गार्डियन्ससोबत चालत नाही, आणि तिची सगळी रचना त्या जोडीवर होती. आज तिला दोन तयार स्पेल बदलू दिले.

२० जुलै, रविवार

चार ओगर ठेवले होते. दुसऱ्या फेरीत संपले.

प्रत्येक ओगरचे ४५० एक्सपी (अनुभवाचे गुण, त्यांवरून लढाई किती जड ते मोजतात), चारांचे १,८००. जुन्या पद्धतीत तीन ते सहा राक्षस असले की त्या बेरजेला दोनने गुणायचं, म्हणजे ३,६००. नव्या तक्त्यात पाचव्या लेव्हलच्या एका पात्राला मध्यम लढाईसाठी ७५०, पाचांचे ३,७५०. आकडे जुळले म्हणून मी खुश. पण नव्या पद्धतीत गुणायचंच नसतं. खरी बेरीज १,८००, आणि सोप्या लढाईचं बजेटच पाचांसाठी २,५०० आहे. अर्धी रीत जुनी आणि अर्धी नवी, असं झालं.

२७ जुलै, रविवार

मागची चूक भरून काढायला पाच ओगर आणि दहा लांडगे, २,७५०. कागदावर सोप्याच्या जरा वर. प्रत्यक्षात क्लेरिक आणि विझार्ड दोघंही शून्यावर गेले.

लांडगा पुन्हा "नाव तेच" मधलाच. जुना लांडगा चावला की स्ट्रेंग्थ सेव्ह टाकून उभं राहता यायचं. नवा चावला की माणूस सरळ खाली, सेव्हच नाही. पडलेल्यावर जवळून हल्ला ॲडव्हांटेजने, आणि ओगरची गदा तिथेच. एका पात्रामागे दोनपेक्षा जास्त राक्षस असतील तर जपून राहा, असं नियमांत लिहिलंय. मी तीन ठेवले होते.

ताईंच्या घोडीने विझार्डला ओढून बाहेर काढलं म्हणून मोहीम वाचली.

३ ऑगस्ट, रविवार

पुस्तिका छापली आणि चूक छापून आली. आठ पानं, सहा प्रती, जाड कागद, रंगीत. पानाला दहा रुपये, बांधणीचे साठ, एकूण ५४० रुपये. घरी आल्यावर थकव्याचं पान वाचलं: "दहा पातळ्या, प्रत्येकीला उणे एक." हे २०२२ मधल्या चाचणी मसुद्यातलं. माझ्या जुन्या टिपणातून उतरवलं आणि पुस्तकाशी ताडून बघितलं नाही. छापील नियमात सहा पातळ्या आहेत. प्रत्येक पातळीला डी २० च्या प्रत्येक फाशावर उणे दोन आणि वेग पाच फुटांनी कमी. सहाव्या पातळीला मरण.

ते पान आणि त्याच्या मागचं पान पुन्हा छापलं, १२० रुपये. छपाईवाल्याने बांधणी उसवून नवीन पानं फुकट घालून दिली. आतापर्यंतचा खर्च ४,८६०, सहा जणांत प्रत्येकी ८१०.

चाचणी मसुद्यांवरून टिपणं काढलेली असतील तर ती फाडून टाका. मी आज माझी फाडली.

१० ऑगस्ट, रविवार

मेलेल्या सरदाराच्या पळालेल्या भावाचा पाठलाग. पावसात, रात्रभर, एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर. पन्हाळा ते विशाळगड वाट आम्ही तिघांनी एकदा चाललीय. पायाखालचा लाल चिखल, जळवा, अंगाला चिकटलेला रेनकोट हे मला वर्णन करावं लागलं नाही, तिघं एकमेकांना सांगत होते.

पहाटेपर्यंत रेंजर आणि क्लेरिक थकव्याच्या दुसऱ्या पातळीवर. जुन्या नियमात दुसऱ्या पातळीला वेग निम्मा व्हायचा, पण हल्ल्याला धक्का लागायचा नाही. रेंजर झाडाखाली बसून तसेच बाण मारत राहिला असता. आता वेग सहा चौकोनांवरून (पाच फुटांचा एक) चार, आणि धनुष्याचे अधिक नऊ उतरून अधिक पाच. त्याने शीटवर ९ खोडून ५ लिहिले, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "झोपूया. सकाळी बघू." बाकीच्यांनी मान डोलावली. सरदाराचा भाऊ निसटला.

पुस्तिका आज चार वेळा उघडली गेली, पुस्तक एकदा. ते काउंटरस्पेलसाठी (समोरच्याचा स्पेल विझवणारा स्पेल). समोरच्या मांत्रिकाने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकायचा, सेव्ह चुकून स्पेल विझला तरी त्याचा स्लॉट जात नाही. पुस्तिकेत स्लॉटची ओळ राहून गेली होती, सगळ्यांनी पेनाने लिहून घेतली.

मोहिमेच्या वहीत जुन्या नियमांचे ३१ राक्षस आहेत, त्यातले १२ बदलून झाले. उरलेले एकदम बदलत बसणार नाही. पुढच्या रविवारी खिंडीत दोन ओगर आणि एक ट्रोल लागणार आहेत, तेवढे या आठवड्यात. ट्रोलचं नाव तेच आहे, म्हणून त्याचं पान पहिल्या ओळीपासून वाचतोय.